मुंबई–नागपूर : अंतर किती, वेळ किती आणि हिशेब कोणता?

मुंबई आणि नागपूर ही दोन शहरे आपल्या घरांना नवी नाहीत. कुणाचे माहेर इंदोऱ्याला तर सासर चेंबूरला. कुणाचा थोरला मुलगा मुंबईत रेल्वेत तर म्हातारे आईवडील वर्ध्याकडच्या खेड्यात. ऑक्टोबरात दीक्षाभूमी आणि डिसेंबरात चैत्यभूमी, या दोन ओढींनी तर ही दोन शहरे आपल्या मनात एकमेकांना कायमची बांधली गेली आहेत. पूर्वी नागपूरला जावयाचे म्हणजे विदर्भ एक्सप्रेस किंवा सेवाग्राम एक्सप्रेस, हे ठरलेले असे. आता मात्र चाळीत, वस्तीत, कार्यालयात एक नवा प्रश्न ऐकू येतो : "विमानाने किती वेळ लागतो हो?"

या प्रश्नाला "दीड तास" असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. अपुऱ्या उत्तरावर विसंबून कष्टाचे चार-सहा हजार रुपये खर्च करणे परवडणारे नाही आणि गरज असताना केवळ भीतीपोटी विमान टाळणे हेही योग्य नाही. म्हणून आम्ही या दोन शहरांमधील अंतराचा आणि वेळेचा सरळ जमाखर्च वाचकांपुढे मांडीत आहोत. कुटुंबात एकत्र बसून तो वाचावा, मुलांनाही समजावून सांगावा.

अंतर एक नव्हे, तीन

मुंबईहून नागपूर किती दूर, असे विचारल्यास तीन निरनिराळी उत्तरे मिळतात आणि तिन्ही खरी असतात. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर ८३७ किलोमीटर. नव्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. आणि हवेतून सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर.

हा फरक का पडतो? गाडीला रुळ हवेत आणि रुळाला वाट हवी. सह्याद्री ओलांडण्यासाठी कसाऱ्याच्या घाटाने इगतपुरी गाठावी लागते. तेथून नाशिक रोड, मनमाड करीत गाडी उत्तरेकडे जळगाव–भुसावळला जाते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करीत नागपूरला पोहोचते. सरळ रेषेपेक्षा हा मार्ग दीडशे किलोमीटरहून अधिक लांब पडतो. विमानाला ना घाट, ना नदी, ना जंक्शन.

आठवी-नववीच्या मुलांनी हे अंतर स्वतः काढून पाहावे. नकाशाच्या पुस्तकात मुंबई सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर सुमारे २१.१ अंश अक्षांशावर व ७९.१ अंश रेखांशावर आहे. म्हणजे नागपूर मुंबईपेक्षा २ अंश उत्तरेला आणि ६.२ अंश पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश आपल्या भागात सुमारे १०४ किलोमीटर भरतो. तेव्हा उत्तरेकडे २२२ किलोमीटर आणि पूर्वेकडे सुमारे ६४५ किलोमीटर. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा, शाळेत शिकवलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने. उत्तर सुमारे ६८० येते. शाळेतले गणित जगण्यात कामाला येते, ते असे.

वैमानिक मात्र किलोमीटर वापरीत नाहीत. ते नॉटिकल मैल मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या मापाने मुंबई–नागपूर अंतर साधारण ३६७ नॉटिकल मैल होते. एखाद्या कोष्टकात हा आकडा दिसला तर घोटाळा करून घेऊ नये.

रेखांशाच्या फरकाची आणखी एक गंमत आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. म्हणजे मुंबईपेक्षा नागपूरला सूर्य साधारण पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. तरी दोन्ही शहरांत घड्याळ एकच चालते, कारण साऱ्या देशाची प्रमाणवेळ एक आहे. पण हे नेहमीच असे नव्हते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरात १९५५ पर्यंत "मुंबई वेळ" नावाची वेगळी वेळ पाळली जात असे आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे.

दीड तासाची फोड

आता वेळेकडे येऊ. आजची जेट विमाने वर स्थिरावल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातात. ६८० ला ८०० ने भागले तर उत्तर ५१ मिनिटे येते. मग वेळापत्रकात सव्वा ते दीड तास, कधी त्याहून पाच-दहा मिनिटे जास्त का दाखवतात?

कारण विमान कंपनीचे घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. विमान उभ्या जागेवरून हलले की ते सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहिले की थांबते. या काळात विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, आपल्या पाळीची वाट पाहते, उडाल्यावर हळूहळू उंची गाठते आणि उतरण्यापूर्वी तितक्याच सावकाश खाली येते. या चढ-उताराच्या काळात वेग कमी असतो. नागपूरसारख्या जवळच्या प्रवासात चढणे आणि उतरणे यातच बराच वेळ जातो, पूर्ण वेगाने जाण्याचा पल्ला थोडाच उरतो. म्हणूनच अंतर दुप्पट झाले तरी विमानाचा वेळ दुप्पट होत नाही.

मुंबईच्या जुन्या विमानतळाची अडचण निराळी आहे. तेथे धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानाला वर घिरट्या घालीत थांबावे लागते. नागपूरहून येताना सिग्नलला गाडी थांबते तसे विमान हवेत थांबले, तर घाबरण्याचे कारण नाही.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून त्या दिवसांत नागपूरला जाताना वारा पाठीशी असतो आणि मुंबईला परतताना तोंडावर येतो. पावसाळ्यात मुंबईला ढग दाटले तर उशीर ठरलेलाच.

विमान कोणते, यावरही वेळ ठरतो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. अमरावती नागपूरपेक्षा मुंबईला सुमारे एकशेचाळीस किलोमीटर जवळ. तरीही तेथे सुरू झालेले विमान पंख्याचे, एटीआर जातीचे असल्याने प्रवासाला नागपूरइतकाच किंवा किंचित अधिक वेळ लागतो. पंख्याचे विमान ताशी सुमारे पाचशे किलोमीटर जाते. अर्थात अमरावती, अचलपूर, दर्यापूरकडच्या मंडळींना नागपूरला उतरून मागे येण्यापेक्षा तेच सोयीचे.

रुळ, डाकोटा आणि डांबर

मुंबई–ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. घाट फोडून इगतपुरीपर्यंत रुळ जाण्यास १८६५ साल उजाडले आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली. हे घाट ज्या हजारो मजुरांनी फोडले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. त्या वाटेने जाताना त्यांची आठवण ठेवावी.

विमानाच्या नकाशावर नागपूरचे महत्त्व स्वातंत्र्यानंतर लगेच वाढले. नागपूर देशाच्या जवळजवळ मध्यावर. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही बाजूंनी विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आज मुंबईत टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात पडावे, ही किमया नागपूरच्या रात्रीमुळे झाली. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर होता. त्या हिशेबाने मुंबई–नागपूर प्रवासाला अडीच तासांच्या आसपास लागत असावेत.

रस्त्याची गोष्ट अगदी अलीकडची. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत मोटारीने आठ तासांचा प्रवास, असे सांगण्यात आले. सोळा तासांचे आठ तास होणे ही लहान गोष्ट नव्हे. पण वेगाबरोबर जबाबदारी येते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. रात्रभर एकट्या चालकाने गाडी हाणणे, टायर न तपासता निघणे, भाड्याच्या गाडीत दहा माणसे कोंबणे, या गोष्टी लग्न असो वा मयत, आपण कटाक्षाने टाळल्या पाहिजेत. वाचवलेले दोन तास जिवापेक्षा मोठे नाहीत.

१९५६ सालची दोन उड्डाणे

या अंतराविषयी लिहिताना १९५६ साल वगळून पुढे जाता येत नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ११ ऑक्टोबर १९५६ रोजी दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि श्याम हॉटेलात उतरले. १४ ऑक्टोबरला काय घडले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. बाबासाहेबांची प्रकृती त्या काळी फार खालावलेली होती. दिल्ली–नागपूर हा आगगाडीचा लांबचा प्रवास त्या शरीराला किती जड गेला असता, याचा विचार केला म्हणजे विमानाच्या त्या काही तासांचे मोल कळते. विमान हे चैनीचे वाहन नव्हे, योग्य वेळी ते गरजेचे वाहन असते, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे उड्डाण त्यानंतर दोन महिन्यांच्या आत झाले. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि त्याच रात्री बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने मुंबईकडे निघाले. वाटेत ते विमान नागपूरला उतरले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते, त्या नागपूरच्या माणसांनी मध्यरात्री विमानतळावर जाऊन अखेरचे दर्शन घेतले. पहाटे विमान सांताक्रूझला पोहोचले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच सोनेगावच्या विमानतळाला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव देण्यात आले. तेथे उतरताना मुलांना ही हकिकत जरूर सांगावी.

घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

आता मुख्य हिशेब. विमान विमानतळापासून विमानतळापर्यंत जाते, माणूस घरापासून घरापर्यंत जातो. चेंबूरचे एक कुटुंब इंदोऱ्याला निघाले असे समजू. घर ते विमानतळ, रस्त्यावरची गर्दी धरून सव्वा तास. सुटण्यापूर्वी दोन तास पोहोचावे असे सांगतात. विमान दीड तास. उतरून सामान घेऊन बाहेर पडणे पाऊण तास. तेथून घर पाऊण तास. बेरीज सव्वासहा तास! दीड तासाच्या विमानाचा खरा प्रवास हा असा चौपट होतो.

हेच कुटुंब कल्याणचे असेल तर विमानतळापर्यंतचा वेळ आणखी वाढतो. उलट नागपूरची गाडी कल्याणला दारातच येते आणि रेल्वेचे ५४ किलोमीटर वाचतात. आणि जावयाचे ठिकाण वर्धा असेल तर विमान वर्धा मागे टाकून पुढे नागपूरला जाते, तेथून पुन्हा सुमारे ऐंशी किलोमीटर मागे यावे लागते. गाडी मात्र वर्ध्यालाच सोडते. कल्याण ते वर्धा या प्रवासात विमानाचा वेळेचा फायदा फार थोडा उरतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

आणखी एक गोष्ट आपण कष्टकऱ्यांनी पाहिली पाहिजे. मुंबई–नागपूर दुरांतोला सुमारे अकरा तास लागतात, इतर गाड्यांना बारा ते पंधरा. पण हे तास बहुधा रात्रीचे असतात. संध्याकाळी कामावरून सुटून गाडी धरली की सकाळी नागपूर. रोजगार बुडत नाही, रजा मोडत नाही, रात्रीचा मुक्कामही गाडीतच होतो. विमानाचे सहा-सात तास बहुतेक वेळा दिवसाचे असतात, म्हणजे अर्धा-पाऊण दिवस जातोच. रोजंदारीवर असलेल्या माणसाला घड्याळाचा तास आणि मजुरीचा तास यांतला फरक कळला पाहिजे. गाडी हळू असली तरी पुष्कळदा तीच स्वस्त पडते, पैशानेही आणि दिवसानेही.

मात्र गाडीचे आरक्षण वेळेवर करावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. विजयादशमीला दीक्षाभूमीला जावयाचे असेल तर ऑगस्टमध्येच तारखेवर लक्ष ठेवावे.

मग विमान केव्हा? आमच्या मते चार प्रसंगी मागेपुढे पाहू नये. आजारी किंवा वृद्ध माणसाला न्यावयाचे असेल तेव्हा. नोकरीची मुलाखत, परीक्षा किंवा न्यायालयाची तारीख चुकवून चालणार नसेल तेव्हा. घरात अचानक दुःखद प्रसंग ओढवला असेल तेव्हा. आणि ज्या आईने आयुष्यभर धुणीभांडी करून मुले शिकवली, तिला एकदा आकाशातून आपला देश दाखवावा असे मुलांना वाटेल तेव्हा! हा शेवटचा खर्च खतावणीत कोणत्या खात्यावर टाकावा हे आम्हालाही ठाऊक नाही, पण तो फुकट जात नाही एवढे खास.

वेळेवर आपला हक्क ठरतो

विमानाला किती वेळ लागतो, हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. त्यावर प्रवाशाचे हक्क ठरतात, हे फार थोड्यांना माहीत असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे, कंपनीने आधी योग्य मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केले तर दुसऱ्या विमानाची सोय किंवा पैसे परत, शिवाय भरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांहून अधिक असेल तर १०,००० रुपये, किंवा इंधन आकारासह एकेरी मूळ भाडे, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मुंबई–नागपूर हे मधल्या गटात येते. वादळ, दाट धुके, दंगल अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र ही भरपाई लागू नाही.

उशिराचेही नियम आहेत. नागपूरसारख्या अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशांना कंपनीने अल्पोपहार द्यावयाचा असतो. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत यांपैकी एक पर्याय दिला पाहिजे. तेथे हात जोडून विनवण्या करण्याचे कारण नाही. शांतपणे, नियमावर बोट ठेवून मागावे. तिकीट आणि मोबाइलवर आलेले संदेश जपून ठेवावेत. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा या सोयीवर तक्रार नोंदवता येते.

यातली एक मेख मुद्दाम सांगतो. ज्या प्रवाशाने आपला संपर्क क्रमांक नीट दिलेला नाही, त्याला ही भरपाई मिळत नाही. आपल्याकडे पुष्कळ जण गल्लीतल्या दुकानदाराकडून किंवा एजंटाकडून तिकीट काढतात आणि तो सवयीने स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकतो. विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर जातो, आपण विमानतळावर जाऊन उभे! तेव्हा तिकीट काढताना समोर बसून आपला क्रमांक घालावयास सांगावे.

अंतरावरून भाडे ठरल्याचेही उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशात हजारो उड्डाणे रद्द झाली, उरलेल्या विमानांची भाडी आकाशाला भिडली, आणि सरकारने ६ डिसेंबरला भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये, अशी ती चढत जाणारी मर्यादा होती. म्हणजे ६८० किलोमीटरचे नागपूर १२,००० च्या गटात. संकटात भाडे किती चढू शकते, हे यावरून समजते. अशा वेळी रेल्वेचा पर्याय डोक्यात तयार ठेवणे हेच शहाणपण.

प्रथमच जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा विमानतळाच्या काचेच्या दारापुढे उभे राहिल्यावर आपल्यापैकी अनेकांचे पाय अडखळतात. इंग्रजी पाट्या, गणवेशातले जवान, चकचकीत फरशी. पण तेथे तिकीट काढलेला प्रत्येक माणूस सारखाच. कळत नसेल तर मराठीत विचारावे, विचारण्यात कमीपणा नाही.

तिकिटावर प्रथम विमानतळ कोणता ते पाहावे. मुंबईच्या जुन्या विमानतळाची खूण "बीओएम" आणि २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची खूण "एनएमआय". नागपूरची "एनएजी". जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळी आहेत, त्यांच्यातही बरेच अंतर आहे. कुलाबा–आरे या भुयारी मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलजवळ आहेत, त्यामुळे वरळी-दादरकडच्यांना टॅक्सीचा खर्च वाचतो. नागपूरलाही विमानतळाजवळून सीताबर्डीकडे मेट्रो मिळते.

ओळखपत्र मूळ न्यावे आणि तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळते का ते पाहावे. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या सोबत ७ किलो आणि पोटातल्या सामानात १५ किलो नेऊ देतात, त्यापुढे पैसे पडतात. चाकू-कात्री हातातल्या पिशवीत चालत नाही. काडेपेटी कोठेच चालत नाही. मोबाइलची पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी, मोठ्या बॅगेत टाकू नये. गावाकडून आणताना सुके खोबरे घेऊ नये, त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकते म्हणून त्याला मनाई आहे. सामानाची खिडकी विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते, तेव्हा "आलोच" म्हणून चालत नाही. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर चालते, त्यापुढे मुलाचे वेगळे तिकीट लागते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टरांचा दाखला मागतात.

दुःखाच्या वेळी

शेवटी एक अवघड विषय. गावाकडून रात्री फोन येतो, मुंबईतला मुलगा सैरभैर होतो, आणि नातेवाईक म्हणतात, "विमानाने दोन तासांत येईल, थांबू या." आमच्या माहितीतल्या एका गृहस्थांच्या बाबतीत असेच झाले. दोन तासांच्या हिशेबाने नागपूरजवळच्या गावी माणसे स्मशानाच्या वाटेवर खोळंबली. रात्री विमान नव्हते, सकाळच्या पहिल्या विमानात जागा नव्हती, ते गृहस्थ दुपारनंतर पोहोचले. तोपर्यंत कोणी रागावले, कोणी घाई केली आणि ऐन दुःखात बोलाचाली झाली. चूक कोणाचीच नव्हती, हिशेब चुकीचा होता. फोनवर "दोन तास" असे न सांगता घरापासून घरापर्यंतचा वेळ सांगितला, तर हे टळते. अशा वेळी एकाने शांतपणे विमान, गाडी आणि मोटार या तिन्हींची चौकशी करावी आणि जे प्रत्यक्ष आधी पोहोचवील ते धरावे.

मुंबईच्या रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या माणसाचे निधन झाले तर पार्थिव विमानाने नेता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला आणि पोलिसांचे ना-हरकत पत्र लागते. शवपेटीची व्यवस्थाही करावी लागते. हे सारे जमविण्यात काही तास सहज जातात. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने अशा कामाची माहिती असलेली दोन-तीन तरुण मुले तयार ठेवावीत. विहारात महिन्यातून एखाद्या रविवारी तासभर बसून तिकीट कसे काढावे, आरक्षण कसे पाहावे, भरपाई कशी मागावी हे शिकविले, तर एजंटाचे पैसे वाचतील आणि अडल्या वेळी कोणाचे अडणार नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, वेळ तासांत मोजतात. पण आपल्यासारख्या कुटुंबांनी दोन्हींचा हिशेब रोजगार, प्रकृती आणि माणुसकी या मापांनी केला पाहिजे. जेथे गाडी पुरे तेथे गाडी, जेथे विमान हवे तेथे विमान. आणि दोन्हीकडे आपला हक्क माहीत असलेला, मान ताठ ठेवून चालणारा प्रवासी. येत्या सहा महिन्यांत आपल्या घरातून नागपूरला किंवा मुंबईला कोण जाणार आहे, ते आजच ठरवा आणि घरापासून घरापर्यंतचा हिशेब कागदावर मांडा.

जयभीम!